नळाचा थेंब

ऑनलाइन कॉलेजात प्रकाश आणि सूक्ष्मदर्शकाचा धडा सुरू झाला, तसा मी हौसेने घरीच मायक्रोस्कोप मागवला. लेकीने नाक मुरडलं. ह्यांनी मात्र चारचौघांत कौतुक केलं. ह्यांचं पाण्याच्या फिल्टरचं दुकान आहे.

सर स्क्रीनवरून म्हणाले होते, "खालून भसाभसा उजेड सोडलात तर पारदर्शक जीव दिसणार नाहीत. उजेड जरा कमी करा." मी आमच्याच फिल्टरच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला, उजेड कमी केला, आणि थेंबात नुसती वळवळ दिसायला लागली.

ह्यांना हाक मारली. ह्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"कुणाला बोललीस का?"

"अजून नाही."

दुसऱ्या दिवशी माझा मायक्रोस्कोप दुकानाच्या काउंटरवर होता आणि शेजारी आमच्या घरच्या फिल्टरच्या पाण्याची बाटली. एक बाई डोळा लावून शहारल्या. "शी, हे आम्ही पितो?"

"नळाचं पाणी, वहिनी," हे गंभीरपणे म्हणाले. "बाकीचे दुकानदार दाखवत नाहीत, आम्ही दाखवतो."

वहिनींनी सगळ्यात मोठा फिल्टर घेतला. त्या बाहेर पडल्यावर मी ह्यांना गाठलं. "अहो, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. निदान थेंब तरी खरोखर नळाचा घ्या."

ह्यांनी शांतपणे काच पुसली.

 

"सकाळी घेतला होता गं. त्यात काहीच दिसेना."