काडतुसाला तीट

काडतूस रायफलीच्या चेंबरमध्ये शिरलं, पण बोल्ट काही बंद होईना. उद्यावर नेमबाजीची राज्य स्पर्धा, आणि कारखानीसबाई रडकुंडीला आलेल्या. स्पर्धेसाठीची साठ काडतुसं रायफल क्लबच्या निकम हवालदारांनीच भरली होती. त्यांनी बाईंची काजळाची डबी मागितली, एका काडतुसाला काजळ फासलं आणि आत घालून बाहेर काढलं. पुंगळी जिथं निमुळती होते, त्या खांद्यापाशी काजळ पुसलं गेलं होतं. अडत होतं ते तिथंच. साठही काडतुसं उकलून, पुंगळ्या साच्यात केसभर दाबून त्यांनी ती पुन्हा भरली.

बाईंनी सुवर्णपदक आणलं. क्लबभर झालं ते एवढंच, की निकम काडतुसाला तीट लावतात.

सोमवारी अकरा नेमबाज काजळाच्या डब्या घेऊन रांगेत उभे. "अहो, अडतंय कुठं ते बघायला लावलं होतं," निकम कळवळून म्हणाले.

"बरोबर," क्लबचे अध्यक्ष कुजबुजले, "असं उघड सांगायचं नसतंच." आणि त्यांनी आपली काडतुसं घरीच काजळानं माखली.

गुरुवारी अध्यक्षांची रायफल अडली. निकमांनी गजाला चिंधी गुंडाळून चेंबर पुसलं आणि ती काळीकुट्ट चिंधी त्यांच्या नाकासमोर धरली.

अध्यक्षांचा चेहरा पडला. "बघा," ते म्हणाले, "केवढी दृष्ट लागली होती."