तासाभराचं अंतर

विमान ढगांच्या वर आलं आणि प्रियदर्शिनीला हसूच फुटलं. खारघरहून कोल्हापूर, रस्त्यानं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. नवी मुंबईहून विमानानं जेमतेम तास. परतीची दोन तिकिटं फोनमध्ये होती. एक तिचं, एक बाबांचं.

सहा वर्षांपूर्वी तिनं जुनैदशी लग्न केलं, तेव्हापासून हौसेराव लेकीशी बोलले नव्हते. नात झाली, हादिया. तिलाही त्यांनी फोटोतच पाहिलं होतं. परवा अचानक त्यांचाच फोन आला. "नातीला बघावंसं वाटतंय गं. पर मोटारीत यवढा येळ बसवत न्हाई."

"विमानानं तासाभरात पोचाल, बाबा. मी येते न्यायला."

निम्म्या वाटेत समोरून एक विमान आलं. लहान, पांढरं, अगदी जवळून गेल्यासारखं. तिनं नकळत हात वर केला. शेजारच्या बाईंनी वाकून खिडकीबाहेर पाहिलं. "कुठाय? काहीच तर नाही," त्या म्हणाल्या. खरंच आभाळ मोकळं होतं. प्रियदर्शिनीला उगीचच थंडी वाजली.

कोल्हापूरला बाहेर धाकटा भाऊ निखिल उभा होता. एकटाच. डोळे सुजलेले.

"तुझा फोन लागत नव्हता, ताई. सकाळपासून नवा सदरा घालून दारात बसले होते. बसल्या जागीच मान टाकली. तू वर होतीस तेव्हा."

घरी हौसेरावांना चटईवर निजवलं होतं. बायका बाजूला सरकल्या. तिनं त्यांचा हात हातात घेतला. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. जुनैद होता. त्याला अजून काहीच कळवलं नव्हतं.

"अगं, चुकामूक झाली बघ तुमची!" त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "बाबा इथं आलेत. एकटेच! फोटोतल्यापेक्षा खूप वाळलेत, पण मी लगेच ओळखलं."

तिच्या हातात बाबांचा गार हात तसाच होता.

"चहा नको म्हणाले. हादियाला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, 'येवढ्याशा वाटंला म्या सा वर्सं लावली.' लय रडले. मी पण रडलो यार. आता सोफ्यावर झोपलेत."

तिनं चटईवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका शांत तो तिनं कधीच पाहिला नव्हता. क्षणभर तिला बरंच वाटलं.

"आणि हादिया?"

"त्यांच्या कुशीत. ती पण गाढ झोपलीय. हात एकदम गार पडलेत तिचे. थांब, एसी बंद करतो."

ती ताडकन उठली.

"उठव तिला!" ती किंचाळली. "जुनैद, हाक मार तिला! हलव! आत्ताच्या आत्ता!"

घरातलं रडणं थांबलं. सगळे तिच्याकडे बघू लागले. पलीकडे जुनैद लेकीला हाका मारत होता. पुन्हा पुन्हा मारत होता. त्याचा आवाज चढत गेला, मग कापायला लागला.

आणि दचकून जाग्या झालेल्या पोरीनं भोकाड पसरलं. प्रियदर्शिनीनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"मम्मा, अब्बांनी मला कशाला उठवलं?" हादिया फोनवर हुंदके देत होती. "आजोबा गेले ना!"