करणी कुणाची?

सकाळपासून ॲप एकाच डॉक्टरची एकच वेळ दहा-दहा पेशंटना देत सुटलं होतं. वैतागलेल्या डॉक्टरीणबाई शेवटी स्वतःच ॲप बनवणाऱ्या कंपनीत येऊन थडकल्या.

"घाबरू नका, मॅडम. आमच्याकडे कोडची ओळ कुणी, कधी आणि का बदलली, सगळं नोंदलेलं असतं," साहेब म्हणाले. "आत्ता दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी करतो. इतिहास कुणाच्या बापाला भीत नाही!"

भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर बदलांचा इतिहास उघडला. बिघडलेल्या ओळीपुढे नाव होतं मौनीबाईचं. ऑफिसात कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली ही प्रोग्रॅमर कोपऱ्यात मूग गिळून बसली होती.

"आता कारणही वाचा की, मोठ्याने!" साहेब गरजले.

मौनीबाईने वाचलं, "एका वेळी एकच पेशंट, ही तपासणी काढून टाकली. साहेबांना तीनदा समजावलं, पण त्यांना डेमोत ॲप वेगाने पळताना दाखवायचंय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून साहेबांकडे पाहिलं.

"आजच्या आज दुरुस्त करतो," साहेब पुटपुटले.

संध्याकाळी मौनीबाईने तोच इतिहास पुन्हा उघडला. नाव तिचंच होतं, पण कारणाच्या जागी आता लिहिलेलं होतं, "तपासणी माझ्या हातून घाईत काढली गेली."



बिघाड जिथल्या तिथे होता. साहेबांनी दुरुस्त केला होता तो इतिहास.