आपलं फक्त शेड

"जैनाच्या गाळ्यात अंडं? बिलकुल न्हाई!" श्रेयांसनं गाळा मागायला आलेल्या भुर्जीवाल्याला दारातूनच परतवलं. बदनापुरातल्या घराखालची जागा दिवाळीपासून रिकामी होती, पण धर्म म्हणजे धर्म. ओट्यावर मूग निवडणाऱ्या दादीनं मान वर केली. "बेटा, तू घरी बसून ज्या अमेरिकन कंपनीचे हिशेब लिहितो, ती करते काय?" "पिकं घ्यायला शेड बांधून भाड्यानं देते." "आत काय पिकतं?" श्रेयांसनं आवाज खाली आणला. "गांजा. पण तिकडं कायद्यात बसतं, दादी. अन् पीक भाडेकरूचं, आपलं फक्त शेड. पीक हिशेबात धरायचंच न्हाई, असं कंपनीचं धोरण मीच लिहिलंय." "बराबर," म्हणत दादीनं कमरेची गाळ्याची किल्ली काढली अन् भुर्जीवाल्याला हाक मारली. श्रेयांस हादरला. "दादी, अख्ख्या घरात भुर्जीचा वास सुटंल!" "मंग तेबी धोरणात लिही, बेटा. वास भाडेकरूचा, आपलं फक्त नाक."