मूर्खपणाचा रकाना

"फॉर्मात मूर्खपणाचा रकाना आहे का रे? असला तर तिथे ह्यांचं नाव घाल," म्हणत काकूंनी शेअर्सची पिशवी टेबलावर आपटली.

करसल्लागार हसला. शेजारच्या फिटरचा हा मुलगा काकूंच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. नवरा गेल्यावर काकूंनी घरामागचा जमिनीचा तुकडा विकला होता, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. आता त्या नफ्यावर कर भरायचा, तर ऑपरेशनचे निम्मे पैसे जाणार. यंदा पिशवीतल्या शेअर्सची बुडीत कंपनी कायमची मोडीत निघाली होती. शेअर्सचा तोटा दाखवला की कर वाचणार होता.

आणि काय बुडाले होते शेअर्स, विचारू नका! नवरा ज्या पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता, त्याचेच. फंडाची सगळी पुंजी त्यात गेली. "लोक विकून मोकळे झाले, तुम्ही तेवढे घेत बसलात!" हे काकूंनी बारा वर्षं ऐकवलं. नवरा मान खाली घालून भाजी निवडत राहायचा. शेवटच्या आजारातही त्या एकदा बोलल्याच. ते आता फार टोचायचं, पण सांगणार कुणाला?

"कधी आणि कितीला घेतले, ते लागेल," म्हणत करसल्लागाराने शेअरचा एक कागद उलटा केला. काकूंनी आजवर एकही उलटून पाहिला नव्हता. मागे चिठ्ठी टाचलेली होती. विकणारा वेल्डर, पूर्ण किंमत पोचली, खाली सही. दुसऱ्यामागे रंगारी. तिसऱ्यामागे कॅन्टीनवाली. तारखा सगळ्या जुलैच्या.

"काकू, कारखान्याला कुलूप कधी लागलं?"

"त्याच वर्षी, मे महिन्यात. का रे?"

"मग जुलैत ह्याची कुणी फुटकी कवडी दिली नसती. आणि काकांना ते ठाऊक होतं."

त्याने पुढचा शेअर उलटला आणि तो थांबला. चष्मा काढून त्याने डोळे पुसले.

"ही आमच्या बाबांची सही. त्याच आठवड्यात माझी कॉलेजची फी भरली होती. बाबा म्हणाले, शेअर्स विकले. मला वाटलं, बाजारात विकले असतील."

पंख्याने चिठ्ठ्या फडफडायला लागल्या, तसा काकूंनी त्यांवर तळहात ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

"तोटा लिही बाबा," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि मघाशी सांगितलेल्या रकान्यातलं ह्यांचं नाव खोड. तिथे माझं घाल."