पॉवर हाउसला

साखरेनं रुक्माचा एक पाय नेला होता. आता दुसऱ्याचा अंगठाही काळा पडत चालला होता. भिलाईजवळच्या चरोद्याच्या क्वार्टरमध्ये लेक संघमित्रा मोबाइलवरून वाचून सांगत होती.

"बाबा, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पॉवर हाउस. तिथं एक पेप्टाइड बनते. त्यानं उंदरांची शुगर उतरली म्हणे."

बळीरामनं पिशवी उचलली.

"पॉवर हाउसच्या मार्केटात ना? मंग लोकलनं जातो अन् घेऊन येतो."

"अवो बाबा, ते भिलाईचं पॉवर हाउस स्टेशन नाही! आपल्या आंगातलं, पेशीतलं..."

तोवर बळीराम फाटकाबाहेर पडलाही होता. संघमित्रा हसत मागं धावणार, इतक्यात रुक्मानं तिचा हात धरला.

 

"जाऊ दे त्याईले. घरी बसले का माह्या पायाकडंच पाहून राह्यतात."