कॅप्टनचा घोटा

वकिलाचं मनगट दुखत होतं. कॅप्टनच्या मेहुण्याचा गुडघा वाजत होता. आणि दातांच्या डॉक्टरची कंबर, जी मघाशी एकेरीच्या सामन्यात हवी तशी वळत होती, ती आता बाकावर बसतानाही कळ मारत होती. कॅप्टनने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खांद्यावरचा टॉवेल बाकावर आपटला.

टेनिस क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत घामाचा आणि मलमाचा वास कोंडला होता. एकेरीचे दोन्ही सामने उरकले होते. डॉक्टर जिंकला होता, वकील हरला होता. आता सगळं दुहेरीवर होतं. जिंकले तर संघ वरच्या गटात टिकणार, हरले तर पुढच्या वर्षी खालच्या गटात जाणार, जिथल्या कोर्टांवर जाळी सुतळीने शिवलेली असते. दुहेरीत कॅप्टन स्वतः खेळायचा, हे क्लबात वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. त्याचा जोडीदार तेवढा ऐन वेळी ठरायचा. आणि दर वेळी ऐन वेळी या खोलीचा असा दवाखाना व्हायचा.

खेळाडूंबद्दल कॅप्टनची मतं ठाम होती. ती ऐकलेली नाहीत असा माणूस क्लबात शोधून सापडला नसता. हल्लीच्यांना रॅकेट भारी लागते, बूट भारी लागतात आणि चुरशीचा सामना म्हटला की पोटात गोळा येतो. मागच्या सामन्याचंच घ्या. चेंडू दोघांच्या मधोमध आला. कॅप्टन "माझा" म्हणून ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं की तो मेहुण्याला जास्त सोपा आहे, म्हणून त्याने सोडून दिला. मेहुणा आपला खांबासारखा उभा. एवढंही कळू नये माणसाला? कॅप्टनने त्याला तिथेच, सगळ्यांदेखत, चार शब्द सुनावले. गुण गेला की तो जोडीदाराला चार शब्द सुनावायचाच. कॅप्टनने नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

"जिंकायचं असेल तर आधी स्वतःला बाजूला ठेवावं लागतं," तो आता म्हणाला. "तुम्हाला नेमकं तेच जमत नाही."

तिघांनी माना खाली घातल्या. वकिलाने मनगट चोळलं. मेहुणा पुटपुटला, की भाऊजी, मी खेळलो असतो हो, पण हा गुडघा बघा ना. कॅप्टनने गुडघ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पंचांनी दारातून डोकं आत घालून जोडी विचारली. मी एकटाच दोन्ही बाजू सांभाळतो, असं लिहा, म्हणत कॅप्टन तणतणत उठला. शॉवरपाशी फरशी ओली होती. त्याचा पाय सटकला, घोटा वळला आणि तो मटकन खाली बसला. डोळ्यांपुढे क्षणभर काजवे चमकले. पाय मुरगळला, त्याने पंचांना सांगितलं, मी काही खेळू शकत नाही आणि या तिघांचा उपयोग नाही. सामना सोडून दिला म्हणून जाहीर करा. बसू देत बोंबलत, असं त्याच्या मनात आलं.

"थांबा," वकील म्हणाला. "मी खेळतो."

त्याने रॅकेट उचलली, त्याच दुखऱ्या मनगटाने, आणि हवेत दोन सणसणीत फटके मारले. मेहुण्याने उठाबशा काढल्या. गुडघा अजिबात वाजला नाही. डॉक्टरही कंबर विसरून उभा राहिला होता, पण त्या दोघांनी त्याला थांबवलं. तुम्ही एकेरी जिंकलात, आता आम्हाला खेळू द्या. कोण खेळणार यावरून त्या खोलीत पहिल्यांदाच वाद चालला होता, आणि तिघांचेही चेहरे शाळा सुटल्यासारखे झाले होते.

कॅप्टन फरशीवर बसून बघत राहिला. आधी त्याला संताप आला. मग त्याला मागच्या वर्षीची वकिलाची पाठ आठवली. त्याच्या आधीचा डॉक्टरचा खांदा आठवला. एकेरीच्या वेळी यांच्यापैकी कोणाला कधी साधी शिंकही आली नव्हती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोने त्याच्याबरोबर मिश्र दुहेरी खेळणं सोडलं होतं. तिला म्हणे उन्हाचा त्रास व्हायचा. ते सामने संध्याकाळी असायचे. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढी लाज त्याला कुठल्या पराभवाने वाटली नव्हती.

पंचांनी वकिलाचं आणि मेहुण्याचं नाव लिहून घेतलं आणि ते दोघांना घेऊन बाहेर गेले. खोलीत डॉक्टर राहिला. तो गुडघ्यावर बसला, कॅप्टनचा मोजा उतरवला आणि घोटा सगळीकडून दाबून पाहिला. सूज नव्हती. मघाची कळ केव्हाच गेली होती. कॅप्टनने पाय सहज म्हणून फिरवला तर तो मस्त गोल फिरला. डॉक्टरचा हात थांबला. त्याने मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली. बाहेर नाणेफेक चालली होती. आत्ता उठून हाक मारली असती तर कॅप्टनला अजूनही आपलं नाव घालता आलं असतं.

कोर्टावरून मेहुण्याचं हसणं ऐकू आलं. आपल्याबरोबर खेळताना तो कधी हसल्याचं कॅप्टनला आठवेना.

"कुठे दुखतंय?" डॉक्टरने विचारलं.

"ते विचारू नका," कॅप्टन म्हणाला आणि त्याने पाय पुढे केला. "मध्येच उठावंसं वाटलं तरी उठता येणार नाही, इतकं घट्ट बांधा."